टेकायचे कुठे?

मातीच्या भांड्यावरची चकाकी ही खरे तर काच असते. गारेची पूड, थोडी पांढरी माती आणि ते सारे लवकर वितळावे म्हणून टाकणखारासारखा एखादा क्षार, असे पाण्यात कालवून एकदा भाजलेल्या भांड्यावर चढवायचे आणि भांडे पुन्हा भट्टीत घालायचे, याला झिलई करणे म्हणतात. हजार अंशांच्या आसपास ती पूड वितळते, काकवीसारखी चिकट होते आणि भट्टी निवताना भांड्याच्या अंगावर काच होऊन बसते. वितळलेली काच आपपर पाहत नाही, जे लागेल त्याला धरते. तळाला झिलई असलेले भांडे सरळ भट्टीच्या फळीवर ठेवले, तर निवल्यावर भांडे आणि फळी एक झालेली असतात. सोडवायला गेले की दोघांपैकी एकाचा टवका उडतो. म्हणून कुंभार तळाची कड ओल्या स्पंजने पुसून कोरी ठेवतो. अडचण होते ती लहान वस्तूंची: मणी, बटण, कानातले, पदक, अंगठ्याएवढी मूर्ती. त्यांना सर्वांगाला झिलई हवी असते आणि तरी भट्टीत कुठेतरी टेकल्याशिवाय त्या राहू शकत नाहीत. यावरचा उपाय जुना आहे. त्या आचेला न वितळणाऱ्या मातीची तीन टोकांची चिमुकली तिवई करतात, टोके सुईसारखी निमुळती ठेवतात आणि वस्तू त्या तीन टोकांवर तोलतात. मण्यांसाठी दोन खुंट्यांवर नायक्रोमची तार आडवी टाकून मणी तिच्यात ओवतात. भट्टी उघडल्यावर तिवई हलकेच ठोकून सुटी करायची. तिथे तीन ठिपके उरतात. त्यांवरून बोट फिरवले तर काचेचा बारीक काटा टोचतो, कधी रक्तही काढतो. तो कार्बोरंडमच्या दगडाने घासावा लागतो. काटा जातो, ठिपका राहतो.

या ठिपक्यांपाशी मला धर्मातला एक जुना प्रश्न उभा दिसतो. पूर्ण असणे म्हणजे कशाचाही आधार न लागणे का? आपल्या भाषेने याची दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. वेदान्तात परब्रह्माला निराधार, निरालंब म्हणतात. ती थोरवीची परिसीमा. आणि पालघरच्या तहसील कार्यालयात, किंवा राज्यातल्या कुठल्याही तहसील कार्यालयात, हाच शब्द संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जावर असतो. तिथे निराधार म्हणजे विधवा, अनाथ, अपंग, ज्याला विचारणारे कोणी उरले नाही असा माणूस. एकाच शब्दाने आपण ईश्वराची सर्वांत उंच अवस्था सांगतो आणि माणसाची सर्वांत दीन अवस्थाही. माझे म्हणणे असे की दोन्ही वापर बरोबर आहेत, चूक होते ती त्यांची अदलाबदल करण्यात. जे घडवलेले आहे, जे भाजून पक्के व्हायचे आहे, त्याचे पूर्णत्व आधारावाचून होत नाही आणि आधाराची खूण त्या पूर्णत्वाचाच भाग असते. ब्रह्माचे विशेषण माणसाने स्वतःला लावून घेतले की त्यातून अहंकार तरी निपजतो किंवा सोवळे तरी. बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात आणि एकूण पालघर जिल्ह्यात माती, आग आणि काच यांचा या प्रश्नाशी संबंध इतक्या ठिकाणी आला आहे की उदाहरणांसाठी फार लांब जावे लागत नाही.

आधी भट्टीचेच पाहू, कारण तिथे एक गोष्ट आहे जी वरवर पाहणाऱ्याला उलटी वाटेल. सर्वांगाला, अगदी तळालाही झिलई कुठल्या भांड्याला लागते? जे कमी आचेवर भाजलेले असते त्याला. हजार-अकराशे अंशांवर भाजलेली माती आतून सच्छिद्र राहते, पाणी पिते. तळ उघडा ठेवला तर ओल आत शिरते, माती किंचित फुगते आणि वरच्या झिलईला जाळीदार तडे जातात. म्हणून अशा मातीला पुरते झाकावे लागते आणि पुरते झाकले की तिवईशिवाय चालत नाही. याउलट बाराशे अंशांच्या पुढे भाजलेली माती स्वतःच घट्ट, जवळपास दगडासारखी होते. तिचा तळ कोरा असला तरी पाणी झिरपत नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी करून पाहावी: वर पिवळी-तपकिरी झिलई, आणि खाली बोटभर रुंदीची खरबरीत, कोरी बैठक. वर्षानुवर्षे मीठ आणि तेल पोटात धरून ती बरणी पाझरत नाही, कारण ती मातीतूनच पक्की आहे. आणखी एक गोष्ट. एवढ्या आचेत माती स्वतः किंचित मऊ पडते. तीन टोकांवर तोललेली असेल तर ती टोकांमधून खाली झोल खाते, नायक्रोमची तारही वाकते. म्हणून मोठ्या आचेतल्या भांड्याला सहसा आपली सबंध बैठक फळीवर टेकवावी लागते. म्हणजे आच जितकी जास्त, तितका आधार रुंद. आणि माती आतून जितकी पक्की, तितकी झाकण्याची गरज कमी. पश्चिम रेल्वेच्या विरार-डहाणू मार्गावर जिथे अजून चिनी मातीचे इन्सुलेटर आहेत तिथे हेच दिसेल. त्यांच्या चकचकीत चकत्या पावसाला तोंड देतात, पण लोखंडी टोपी सिमेंटने जिथे बसवलेली असते तिथे झिलई नसते. तारेचा सगळा भार त्या कोऱ्या जागेतून खांबावर उतरतो.

मराठी माणसाला कच्चे-पक्के म्हटले की गोरोबाकाका आठवतात, आणि आठवावेतच. तेर गावी संत जमले असता मुक्ताबाईंनी कोपऱ्यातली थापटी पाहून विचारले, हे काय? मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग आमचीही परीक्षा करा, असे ठरले. सगळ्यांनी डोक्यावर थापटी निमूट सोसली. नामदेव तेवढे चिडले आणि हे मडके कच्चे आहे असा निवाडा झाला. ही कथा आपण लहानपणापासून अहंकाराची कथा म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण तिचा पुढचा भाग आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. नामदेवांचे म्हणणे काय होते? मला विठ्ठल प्रत्यक्ष भेटतो, बोलतो, माझ्या हातचा नैवेद्य खातो. मला मधला कोण हवा? म्हणजे त्यांच्या अंगावर झिलई पुरेपूर होती, आणि ती खोटी नव्हती. पण आतली माती अजून पाणी पीत होती. एका थापटीने ते दिसले. मग ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेवांनी हटकले तेव्हा म्हातारा म्हणाला, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावेत तिथे पिंड उभी राहिली. ईश्वराच्या सर्वव्यापकतेचा धडा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. माझे लक्ष मात्र प्रश्नाच्या रूपाकडे जाते. इथे ईश्वर कुठे आहे असे कोणी विचारले नाही. टेकायचे कुठे, एवढेच विचारले. आणि मिळालेले उत्तर असे की जिथे तू देवावर टेकणार नाहीस अशी जागाच नाही. कोणालाही न शिवता उभे राहण्याची जी इच्छा नामदेवांच्या मनात होती, ती तिथे संपली. भट्टी पूर्ण झाली ती आधार मान्य केल्यावर.

यावर मातीचे काम जाणणारा पहिला आक्षेप घेईल. हे ठिपके म्हणजे कारागिरीतली उणीव आहे, तिला तत्त्वज्ञान कशाला जोडता? उत्तम कारागीर ती टाळू शकतो. चीनच्या सोंग राजवटीतील रू भांडी उंच आचेची होती आणि तळासकट झिलई केलेली होती. इराणमध्ये कोम शहरात निळे मणी करण्याची एक पद्धत विसाव्या शतकापर्यंत टिकली होती: गारेच्या पिठाचे मणी क्षार आणि चुना मिसळलेल्या भुकटीत पुरून भाजायचे, भट्टी निवल्यावर भुकटी फोडून काढली की आत सर्वांगाने चकाकणारा मणी, कुठेही ठिपका नाही. दोन्ही उदाहरणे खरी आहेत, आणि दोन्ही माझ्याच बाजूने बोलतात. रू भांड्यांच्या तळाला तिळाएवढ्या खुणा असतात. जगात ही भांडी जेमतेम शंभराच्या घरात उरली आहेत, आणि जाणकार एखादे भांडे हातात आले की आधी उपडे करून ते तीळ पाहतो. आधाराची खूण आज त्या भांड्याच्या खरेपणाची साक्ष आहे. कोमच्या मण्याला ठिपका नाही, कारण त्याला आधार सगळीकडून आहे. ज्याला चहूकडून धरले आहे त्याच्यावर एका धरणाऱ्याचे बोट उमटत नाही. आईच्या कडेवर वाढलेल्या मुलाला आपण कोणाच्या आधाराने वाढलो हे कळत नाही, त्यातलाच हा प्रकार. आधार नव्हता असा त्याचा अर्थ होत नाही. आणि तारेवर ओवलेला मणी तर याहून सूक्ष्म आहे. त्याचा आधार त्याच्या पोटातल्या पोकळीतून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मणी निर्मळ दिसतो, खूण असते ती भोकाच्या आत, जिथे झिलई न लावता जागा मोकळी सोडलेली असते. गीतेच्या सातव्या अध्यायात सूत्र आणि मणी यांची उपमा आहे. सगळे विश्व ईश्वरात ओवलेले आहे असे तिथे म्हटले आहे. भट्टीतला मणी पाहिल्यावर त्या उपमेतली एक बाजू नव्याने ध्यानात येते. सूत्र आत जायचे तर मण्याने आधी आत रिकामे असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो अद्वैत्याचा आहे. तो म्हणेल, आधार लागणे हे मायेच्या राज्यातले. मुक्ती म्हणजे आधारांतून सुटणे. तुम्ही बंधनाचीच आरती ओवाळता आहात. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात सांगितलेच आहे की मातीचा एक गोळा जाणला की मातीचे सगळे जाणले, घट हे नुसते नाव. हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण यात सत्य आहे. घटाचे खरे स्वरूप माती हेच. पण उपनिषदाची ती उपमा मातीपाशी थांबते, भट्टीपर्यंत येत नाही, आणि साधकाचे आयुष्य तर सगळे भट्टीत जाते. जे ब्रह्माविषयी म्हटले ते भाजल्या जाणाऱ्या घटाविषयी म्हटलेले नाही. शांकर परंपरेनेच ज्ञानाच्या वाटेवर श्रुती आणि गुरू हे आधार सांगितले आहेत, ते कोणी काढून टाकलेले नाहीत. मग प्रश्न उरतो की आधाराला आधार कोणाचा? तिवई फळीवर, फळी खुंट्यांवर, खुंट्या भट्टीच्या तळावर, तळ जमिनीवर. पुराणांनी याच साखळीच्या शेवटी शेष आणि कूर्म ठेवले. नागार्जुनाने वेगळे उत्तर दिले: सगळे परस्परांवर टेकलेले आहे आणि शून्यता म्हणजे हेच टेकलेपण. या वादाचा निकाल मी इथे लावत नाही. भट्टी मात्र एक व्यवहार्य अट शिकवते. ज्याने धरायचे त्याचा स्वभाव ज्याला धरायचे त्याहून वेगळा हवा. तिवईची माती त्या आचेत वितळता कामा नये आणि तिला स्वतःला झिलई असता कामा नये. नाहीतर धरणारा आणि धरलेला दोघे एकमेकांना चिकटून बसतात. जो शिष्याच्या कीर्तीत स्वतः वितळतो, त्याच्या चकाकीत आपली चकाकी मिसळू पाहतो, तो गुरू शिष्याला सुटे होऊ देत नाही. आजकाल गुरूंच्या नावाने जे चालते त्यातले बरेच या एका कसोटीवर पारखता येईल.

परावलंबनाला धर्मात काय मान मिळू शकतो याचा पुरावा पालघर जिल्ह्यातच, वसई तालुक्यातल्या नालासोपाऱ्याला मिळाला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या स्तूपाचे उत्खनन केले. आत एक मोठी दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून ते पुरले असावेत, असे पंडितांनी मानले. ते खरोखर त्या पात्राचे होते का, हे सिद्ध करता येणार नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. पुरणाऱ्यांच्या मनात काय होते ते पुरेसे स्पष्ट आहे. एवढे थर चढवून त्यांनी जपले ते साधे मातीचे पात्र, आणि तेही भिक्षेचे, म्हणजे दुसऱ्याने वाढल्याशिवाय रिकामे राहणारे. बौद्ध कथेत बुद्धाचे पात्र मातीचे नाही, दगडी आहे, आणि तिच्यात त्याविषयी एक तपशील आहे. चार दिशांच्या चार राजांनी चार दगडी पात्रे आणून दिली. एकाचाही मान मोडू नये म्हणून बुद्धाने चारही एकात एक बसवून एक केली, पण काठावर चार रेषा दिसत राहिल्या. देणाऱ्यांच्या खुणा पुसून टाकण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे होते त्याने त्या काठावर राहू दिल्या.

सोपाऱ्याहून उत्तरेला तारापूरला याच प्रश्नाचे आजचे रूप आहे. इथले अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते. त्याच परिसरात अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून उरणारा, अतिशय किरणोत्सारी द्रव काचेत कोंडण्याचा प्रकल्प १९८० च्या दशकात उभा राहिला. ती काच बोरोसिलिकेट, म्हणजे टाकणखाराच्या कुळातली, कुंभाराच्या झिलईची दूरची बहीण. इथे काच अंगावर चढवत नाहीत. विषच काचेत विरघळवून टाकतात आणि ती काच पोलादी डब्यांत ओततात. जगाला याचा कुठेही स्पर्श होऊ नये, हाच हेतू. पण तरीही ते डबे कुठेतरी ठेवावे लागतात, हवा खेळवून थंड ठेवावे लागतात आणि वर्षानुवर्षे त्यांवर नजर ठेवावी लागते. कोणालाही न शिवणारी वस्तू करायला निघालेल्या विज्ञानालाही तिला टेकवण्याची जागा आणि राखणारा माणूस द्यावाच लागला. ज्यांनी ही जबाबदारी पत्करली त्यांच्याविषयी मला आदर आहे, कारण त्यांनी आधाराची गरज नाकारली नाही, तिची व्यवस्था लावली.

इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तिन्हींत मला तो सर्वांत जड वाटतो. आधाराचे गुणगान करणे वर बसलेल्याला सोपे असते. तिवईला विचारा. ती झिलईविना भट्टीत पुन्हा पुन्हा जाते, चकाकी दुसऱ्याची, भाजणे तिचे. तारापूरचे तिसरे आणि चौथे युनिट २००५-०६ मध्ये सुरू झाले. त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपल्या जागेवरून उठावे लागले आणि पुनर्वसनाचे भांडण पुढे वर्षानुवर्षे चालले. जव्हार-मोखाड्याकडची कातकरी आणि वारली कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, कितीदा तरी आगाऊ घेतलेली उचल फेडण्यासाठीच. त्यांच्या हातच्या विटांवर उभ्या राहिलेल्या घरांत त्यांची खूण कुठे असते? या आक्षेपापुढे मी मान तुकवतो. आणि म्हणतो की उपमा इथे संपते आणि संपलीच पाहिजे. तिवई ही वस्तू आहे. तिचे कोरेपण तिच्या मातीच्या गुणामुळे आहे. माणसाला कोणी जन्माने तिवई केलेले नसते, माणसे त्याला तसे करतात. पण या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही, उलट त्याला धार येते. अन्याय होतो तो आधार घेण्याने नव्हे, खूण घासून टाकण्याने. सोवळ्याची कल्पना मुळात काय आहे? मला कोणी शिवलेले नाही, हा दावा. आणि तो दावा करणाऱ्याचे अन्न, त्याच्या अंगणाची झाडलोट, त्याच्या घराची भिंत ही सगळी अशा हातांची असते ज्यांचा स्पर्श त्याला चालत नाही. तो तळापर्यंत झिलई चढवतो आणि म्हणतो की मी कशावरच टेकलो नव्हतो. भट्टीत हे अशक्य आहे आणि समाजातही अशक्य आहे; फक्त समाजात ते खपते. ज्याने खूण कबूल केली त्याच्याकडून निदान पुढचा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता असते: ज्यांनी मला त्या आचेत धरले त्यांचे मी किती देणे लागतो, आणि ते मी केव्हा फेडणार? पोफरण-अक्करपट्टीचा प्रश्न हा दयेचा नाही, देण्याचा आहे, आणि मुंबईच्या बाजूला दिवा लावणाऱ्या प्रत्येकाचा त्यात हिस्सा आहे.

वारकऱ्यांनी या देण्याची आठवण दगडात करून ठेवली आहे. चोखोबांना देवळात पाऊल टाकायची मनाई होती. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करताना १३३८ साली ते गावकूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गेले. ज्या भिंतीच्या आत गाव सुरक्षित राहायचे ती भिंत बांधणारा असा गेला. त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या त्या नामदेवांनी, आणि महाद्वारासमोर समाधी केली. ज्या नामदेवांना एकदा कच्चे मडके म्हटले गेले होते, त्यांनी आपल्यासाठी कोणती जागा मागितली? पंजाबातल्या घुमानची परंपरा त्यांच्या अखेरीविषयी वेगळे सांगते. पंढरपूरची परंपरा सांगते की १३५० साली त्यांनी महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली, आत जाणाऱ्या संतांचे पाय आपल्याला लागावेत म्हणून. विठ्ठलाच्या दर्शनाला आलेला वारकरी आजही आधी त्या पायरीपाशी वाकतो.